मदत हवी आहे: द मेटाल्सची स्का गाणी नवख्या श्रोत्यांना कशी ऐकवावीत?

नमस्कार मंडळी,

आमच्या गटात दर महिन्याला एकजण आपलं आवडतं संगीत ऐकवतो. पुढची पाळी माझी. ऐकणारे बहुतेक शास्त्रीय आणि जुन्या हिंदी गाण्यांतले. मी जमैकाचं गायक-त्रिकूट द मेटाल्स घ्यायचं ठरवलंय: मुख्य गायक टूट्स हिबर्ट, रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस. तासाभरात काय बसवावं, हे जाणकारांनी सांगावं.

टूट्सचं नाव काढलं की लोक थेट रेगेकडे वळतात. त्यांचं '५४-४६' हे गाणं मीही लावणार आहे. "एकदा" म्हटलं की वादक एकच ठोका देतात, "दोनदा" म्हटलं की दोन. ती जागा कुणालाही लगेच भिडते. पण माझा खरा जीव १९६३-६४ च्या, जमैकाची राजधानी किंग्स्टनमधल्या स्का गाण्यांवर आहे (स्का म्हणजे रेगेच्या आधीचं, जलद ठेक्याचं जमैकन संगीत). जमैका नुकताच स्वतंत्र झालेला, निर्माता कॉक्सन डॉड रेकॉर्डिंग करतोय आणि हे तिघे चर्चमध्ये गावं तसे मोकळ्या गळ्याने गातायत. 'सिक्स अँड सेव्हन बुक्स ऑफ मोझेस'मध्ये टूट्स बायबलमधल्या ग्रंथांची नावं ओळीने घेत जातो, जेनेसिस, एक्झोडस, लेव्हिटिकस... आणि नुसत्या नामावळीवर माणूस डोलायला लागतो! हे ऐकल्याशिवाय पुढचा टूट्स कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

अडचण ठेक्याची आहे. आमची मंडळी मात्रेवर टाळी देणार, आणि स्कामध्ये गिटार-पियानोचा ठोका पडतो दोन मात्रांच्या मधल्या जागेत. आधी निम्म्या लोकांना मात्रा धरायला लावून बाकीच्यांकडून मधल्या टाळ्या घ्याव्यात का? कुणी असं करून पाहिलं असेल तर अनुभव लिहा. की काहीच न सांगता सरळ गाणं लावावं?

दुसरं म्हणजे शेवट. मेटाल्सच्या 'बॅम बॅम'ने १९६६ ची जमैकातली पहिली फेस्टिव्हल गीतस्पर्धा जिंकली आणि १९८२ मध्ये जमैकन गायिका सिस्टर नॅन्सीने त्यातल्या 'बॅम बॅम' या ओळीवर आपलं गाणं उभं केलं. त्यांचंच 'मंकी मॅन' द स्पेशल्स या बँडने १९७९ मध्ये इंग्लंडात पुन्हा गायलं, 'प्रेशर ड्रॉप' द क्लॅश या बँडने. मूळ आणि नंतरचं अशी एकच जोडी लावायला वेळ उरेल. मी 'बॅम बॅम'कडे झुकतोय, कारण त्यात तिघांचे आवाज वेगवेगळे ओळखू येतात. तुमचं मत काय?

इंग्लंडातल्या सभासदांपैकी कुणाकडे स्का काळातल्या तबकड्या असतील, तर आणखी दोन-तीन गाणी नक्की सुचवा. फार न वाजलेली असली तर उत्तमच.