मदत हवी आहे: काकाच्या नवऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

नमस्कार मंडळी. गेंगोरो तागामे यांची 'ओतोतो नो ओत्तो' (२०१४ ते २०१७) ही मांगा (जपानी चित्रकथा) मी सध्या आईला रोज थोडी थोडी मराठीत वाचून दाखवते आहे. नावाचा अर्थच 'धाकट्या भावाचा नवरा'. याइचीचा जुळा भाऊ र्‍योजी वारलाय, आणि त्याचा कॅनडातला नवरा माइक अचानक दारात येऊन उभा राहतो. याइचीची लहान मुलगी काना त्याच्यावर लगेच जीव लावते.

आईने विचारलं, "मग ती त्याला हाक काय मारणार?" मी अडकले. काकाची बायको काकू, पण काकाचा नवरा? आणि याइचीने काय म्हणायचं? भावोजी म्हटलं तर तो बहिणीचा नवरा वाटतो. नुसतं 'माइक' म्हटलं की नातंच पुसलं जातं, ते मला नको आहे. 'सेलर मून' या जपानी कार्टून मालिकेच्या इंग्रजी डबिंगमध्ये हारुका आणि मिचिरु या प्रेयसींना चक्क कझिन करून टाकलं होतं, ते मला अजून खुपतं.

तुमच्या घरात किंवा ओळखीत अशी जोडपी असतील तर प्रत्यक्षात काय हाक मारतात, कृपया सांगा.

शिवाय यानंतर काय वाचू? फुमी योशिनागा यांची 'किनो नानी ताबेता?' ('काल काय खाल्लं?') ही मांगा डोक्यात आहे, त्यातला रोजचा स्वयंपाक आईला आवडेल. शाळकरी मुलांच्या बीएल (मुलामुलांच्या प्रेमाच्या) कथा नकोत, संसार करणारी मोठी माणसं हवीत. बायकांच्या जोडप्याची कुठली आहे का?