मदत हवी आहे: आयफोनवर व्हिडिओ चालत नाही, अँड्रॉइडवर मस्त चालतो

खटपट्या
लोकहो, डोकं पिकलंय. एका तबला क्लासची वेबसाइट करतोय. गुरुजींनी रेकॉर्ड केलेले धडे विद्यार्थ्यांनी लॉगिन करून बघायचे, एवढंच काम. अँड्रॉइडवर, लॅपटॉपच्या क्रोमवर झकास चालतं. आयफोनवर नुसता काळा चौकोन आणि प्लेच्या बटणावर आडवी काट. दाबलं तरी ढिम्म. फाइल एमपी४ आहे, व्हिडिओ टॅग साधा आहे. निम्मे विद्यार्थी अमेरिकेत, आणि सगळे आयफोनवाले. शनिवारी गुरुजींना दाखवायचंय. कोणी हे सोडवलं असेल तर पटकन सांगा.

विहंगम
एमपी४ म्हणजे नुसता डबा. आत काय भरलंय? कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून बसवायची पद्धत, एच२६४ की एचईव्हीसी? ऑडिओ एएसी आहे का? एफएफप्रोब (फाइलच्या आत काय आहे ते सांगणारं टूल) चालवून काय येतं ते इथे टाका. आयओएस कोणतं तेही लिहा.

नारळफोड्या
यूट्यूबवर अनलिस्टेड टाकून एम्बेड करा आणि मोकळे व्हा. मी सगळ्या क्लायंटना हेच करून देतो, आजवर कोणाची तक्रार नाही.

खटपट्या
यूट्यूब नको. एकाने लिंक फॉरवर्ड केली की सगळ्या गावाला फुकट. गुरुजी फी घेतात हो.
एफएफप्रोब: व्हिडिओ एच२६४ हाय प्रोफाइल, वायूव्ही४२०पी, १२८० बाय ७२०, ऑडिओ एएसी. म्हणजे कोडेकचा प्रश्न नाही ना?

विहंगम
नाही. हे आयफोनवर चालायलाच हवं. आयओएस सांगितलं नाहीत अजून.

जुना_पापी
मूव्ह ॲटम, म्हणजे फाइलमधल्या फ्रेम्सची यादी, फाइलच्या शेवटी असणार. रेकॉर्डिंग संपेपर्यंत कोणती फ्रेम कुठे पडली याची यादी पूर्ण होत नाही, म्हणून ती यादी मागे लिहिली जाते. एफएफएमपेगला (व्हिडिओ फाइल बदलायचं टूल) 'सी कॉपी' आणि 'मूव्हफ्लॅग्ज'मध्ये 'फास्टस्टार्ट' द्या, यादी पुढे येईल. री-एन्कोड (व्हिडिओ पुन्हा नव्याने दाबणं) होत नाही, क्वालिटीला धक्का नाही, काही सेकंदांचं काम. टॅगमध्ये 'प्लेज-इनलाइन' पण घाला, नाहीतर आयफोन व्हिडिओ फुलस्क्रीन करतो.

खटपट्या
दोन्ही केलं. अँड्रॉइडवर जरा लवकर सुरू होतो, बाकी जैसे थे. क्लासमधल्या वेगवेगळ्या आयफोनवर पाहिलं, सगळीकडे तेच. आयओएसच्या व्हर्जनचा काही संबंध दिसत नाही.

ढोलकीपटू
तबल्याचं रेकॉर्डिंग फोनच्या माइकवर करताय का? डग्ग्याचा घुमारा पार गायब होतो आणि चाटीचा आवाज फाटतो. कॉल किंवा मीटिंगच्या ॲपवरून रेकॉर्ड करत असाल तर त्यातलं नॉइज सप्रेशन आधी बंद करा, ते ठेक्याला गोंगाट समजून कापून टाकतं. आणि एएसी ६४ केबीपीएसवर ठेवू नका, किमान १२८ ठेवा.

फडफडतो_फ्लटर
वेबच्या भानगडीत पडताच कशाला? फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं साधन) ॲप करा. व्हिडिओ प्लेअरचं पॅकेज आहे, दहा ओळींत काम होतं.

रसिका_मिरजकर
@फडफडतो_फ्लटर, ते पॅकेज आयफोनवर आतून ॲपलचाच एव्हीप्लेअर वापरतं. सर्व्हरमध्ये खोट असेल तर ॲपमध्येही हाच काळा चौकोन दिसेल, वर ॲप स्टोअरची वर्षाची फी.

@खटपट्या, फाइल देतंय कोण? वेब सर्व्हर सरळ देतो की मधे तुमचा कोड आहे?

फडफडतो_फ्लटर
रिॲक्ट नेटिव्हवाले (दुसऱ्या ॲप-साधनाचे भक्त) फ्लटरला नेहमीच नावं ठेवतात.

रसिका_मिरजकर
मी बॅकएंडवाली आहे, सर्व्हरकडचं काम करणारी.

खटपट्या
पीएचपीची स्क्रिप्ट आहे ना मधे. सेशन (लॉगिन आहे की नाही) तपासते आणि रीडफाइल करते, म्हणजे फाइल वाचून पाठवते. लॉगिन म्हटल्यावर हे आलंच. पण त्याचा काय संबंध? अँड्रॉइडला तीच स्क्रिप्ट फाइल देते.

रसिका_मिरजकर
सगळा संबंध तिथेच आहे. सफारी पूर्ण फाइल मागण्याआधी सर्व्हरची परीक्षा घेते. 'रेंज: बाइट्स ०-१' असा हेडर (विनंतीसोबतची चिठ्ठी) पाठवून पहिले दोनच बाइट मागते. तिला २०६ ('हा फाइलचा तुकडा') हा स्टेटस, सोबत 'कंटेंट-रेंज' आणि दोनच बाइट हवे असतात. तुमची स्क्रिप्ट २०० ('ही घ्या पूर्ण फाइल') म्हणून अख्खी फाइल ओतते. सफारी म्हणते, याला तुकडे देता येत नाहीत, आणि तिथेच सोडून देते. क्रोम सोशिक आहे, २०० वरही चालवून घेतो. पण त्यातही फाइल पूर्ण उतरायच्या आत स्लायडर पार शेवटाकडे ओढून बघा, नीट जाणार नाही.

तपासायचं तर कर्लला (सर्व्हरकडे हाताने विनंती पाठवायचं टूल) 'आर' पर्याय देऊन ०-१ मागा, लॉगिनची कुकी जोडा, आलेले हेडर बघा. २०६ आणि कंटेंट-लेंग्थ २ दिसलं पाहिजे.

उपाय: फाइल पीएचपीने देऊच नये. एनजिनएक्समध्ये (वेब सर्व्हर) व्हिडिओच्या फोल्डरचं लोकेशन 'इंटर्नल' करा, म्हणजे बाहेरून थेट उघडत नाही. पीएचपीने फक्त लॉगिन बघून 'एक्स-ॲक्सेल-रीडायरेक्ट' हा हेडर पाठवायचा. रेंज वगैरे एनजिनएक्स सांभाळतो. एका व्हिडिओमागे एक पीएचपी वर्कर अडकून बसत नाही, हा फायदा वेगळाच.

क्लाउडवरचा_कावळा
ते २०६ वगैरे सोडा, एचएलएस करा. सहा-सहा सेकंदांचे तुकडे, तीन क्वालिटी, पुढे सीडीएन (जागोजागी पसरलेले सर्व्हर). आजकाल सुटी एमपी४ कोण देतं?

जुना_पापी
तबला क्लासला सीडीएन! गुरुजींच्या वर्षभराच्या फीपेक्षा तुमचं बिल जास्त यायचं.

खटपट्या
कर्ल चालवलं. २०० आणि अख्खी फाइल. पण एनजिनएक्सची कॉन्फिग मला हात लावता येत नाही. शेअर्ड होस्टिंग आहे, वेब सर्व्हर अपाची.

रसिका_मिरजकर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना. अपाचीसाठी हेच काम करणारं एक्स-सेंडफाइल नावाचं मॉड्यूल आहे, पण शेअर्डवर ते बहुधा मिळणार नाही.

जुना_पापी
मग पीएचपीतच करा, काही आभाळ कोसळत नाही. रेंज हेडर वाचा, सुरुवात आणि शेवट काढा, एफसीक करून (फाइलमध्ये त्या जागी जाऊन) तेवढाच भाग तुकड्यातुकड्याने द्या. कंटेंट-लेंग्थ म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक १. हा एक विसरून पोरं रात्रभर बसतात. '०-' असं नुसतं आलं, तर शेवट म्हणजे फाइलचा आकार वजा १. 'ॲक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स' आणि कंटेंट-टाइपमध्ये व्हिडिओ/एमपी४ हवंच.

महत्त्वाचं: लॉगिन तपासून झालं की फाइल द्यायच्या आधी सेशन-राइट-क्लोज करा. पीएचपी सेशनच्या फाइलला कुलूप लावून ठेवतं. व्हिडिओ उतरत असेपर्यंत त्या विद्यार्थ्याची बाकी पानं ताटकळत बसतात.

रसिका_मिरजकर
+१. एनजिनएक्स नसेल तर हेच करायचं. वाट्टेल ती रेंज आली, म्हणजे फाइलच्या आकाराबाहेरची, तर ४१६ ('हा भाग देता येत नाही') द्या.

खटपट्या
चालला!! आयफोनवर चालला, पुढे-मागेही सरकतो. आणि व्हिडिओ सुरू असताना 'माझे धडे' पान लटकायचं, तेही थांबलं. ते मी होस्टिंगवाल्याच्या नावावर खपवत होतो. दोघांना पार्टी लागू.

आता उलटं सुरू झालंय. गुरुजींनी परवा नव्या आयफोनवर रेकॉर्ड केलेला धडा काही अँड्रॉइडवर नुसता ऐकू येतो, चित्र नाही.

विहंगम
एफएफप्रोब. पुन्हा.

खटपट्या
एचईव्हीसी, १०-बिट, डॉट एमओव्ही.

विहंगम
तेच, काही अँड्रॉइडना हे दाखवता येत नाही. २०१७च्या आयओएस ११ पासून आयफोन, हार्डवेअर झेपत असेल तर, आपणहून एचईव्हीसीतच रेकॉर्ड करतो. गुरुजींच्या फोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा आणि एचडीआर व्हिडिओ बंद करा. झालेले धडे एच२६४, ८-बिट वायूव्ही४२०पी करून घ्या. इथे 'सी कॉपी' चालणार नाही, खरंच री-एन्कोड लागेल. एचडीआरमधून येताना रंग फिके पडले तर टोनमॅपचं फिल्टर लावा.

खटपट्या
एफएफएमपेग होस्टिंगवर नाही.

जुना_पापी
लॅपटॉपवर करा आणि मग चढवा. रात्री लावून झोपा.

गुळपोळी
मलाही सेम प्रॉब्लेम आहे. माझं फ्लटरचं ॲप आहे, ऑडिओ स्क्रीन बंद झाली की थांबतो. कोणी सांगेल का?

विहंगम
हा सेम प्रॉब्लेम नाही. नवीन धागा काढा, आणि आयफोन की अँड्रॉइड ते पहिल्याच ओळीत लिहा.