पहिल्या सुरीसाठी कोणतं पोलाद घ्यावं?

नवशिका:
पहिलीच सुरी करतोय. पातं साधारण १५ सेंटीमीटर, स्वयंपाकघरात वापरायला. जवळ हातकरवत, कानशी, ड्रिल आणि विटा रचून केलेली छोटी गॅसभट्टी आहे. ठोकून घडवायचं नाही, पट्टीतून आकार कापून काढायचा आहे. गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा फुकट मिळतोय, तो चालेल का? की १०९५ नंबरचं कार्बन पोलाद घेऊ? की गंजायला नको म्हणून सरळ स्टेनलेस?

ऐरण:
आधी भट्टी बघा, मग पोलाद ठरवा. तापमान मोजायची आणि एकाच जागी धरून ठेवायची सोय तुमच्याकडे नाही, म्हणून १०८४ घ्या. त्यात कार्बन ०.८ ते ०.९ टक्क्यांच्या आसपास असतो. एवढा कार्बन तापल्यावर झटकन विरघळतो, पातं बराच वेळ तापवत ठेवावं लागत नाही. शिवाय मँगनीज पुरेसं असल्यामुळे तेलात विझवताना, म्हणजे तापलेलं पातं कडक करायला बुडवून झटकन गार करताना, थोडी सवड मिळते. १०९५ मध्ये मँगनीज कमी. ते जवळपास एका सेकंदात ५४० अंशांखाली यायला हवं आणि साध्या खाद्यतेलात ते दर वेळी साधत नाही. मग काही भाग कडक, काही मऊ राहतो. म्हणून पाण्यात बुडवावं, तर तडा जायची भीती.

स्टेनलेसला हजार अंशांच्या वर नेऊन ठरावीक वेळ तिथेच ठेवावं लागतं, तेही हवा लागू न देता. विटांच्या भट्टीत हे होणार नाही.

पाट्याचं पोलाद वाईट नसतं, पण जुना पाटा वाकून वाकून थकलेला असतो. आतल्या बारीक भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, विझवताना त्याच उघडतात. आणि नेमकं कोणतं पोलाद आहे हे माहीत नसेल, तर पातं बिघडल्यावर दोष पोलादाचा की तापवण्याचा, हे कळायला मार्ग उरत नाही. शिवाय जाड, बाक असलेला पाटा कानशीने घासून पातळ करण्यातच सगळा उत्साह संपेल.

कानस:
१०८४ ला माझाही कौल. पट्टी २.५ ते ३ मिलिमीटर जाडीची आणि मऊ केलेलीच मागा. मुठीच्या रिव्हेटांची भोकं कडक करण्याआधीच पाडा, नंतर साधा ड्रिल बिट चालत नाही. धारेची कड १ मिलिमीटरपेक्षा पातळ करू नका, नाहीतर पातं वाकडं होतं आणि पातळ कडेतला कार्बनही जळतो.

७७० अंशांच्या आसपास चुंबक चिकटेनासा होतो. बरेच जण तिथेच थांबून विझवतात आणि पातं अर्धवट कडक होतं. आणखी ४०-५० अंश वर जायला हवं, म्हणजे ८१५ च्या जवळपास. अंधारात बघा: तापताना लाल पात्यावर एक काळसर सावली सरकते. ती पूर्ण निघून गेली आणि रंग सगळीकडे सारखा दिसला, की लगेच विझवा.

खाद्यतेल सुमारे ५० अंशांपर्यंत गरम करा, गार तेल जाड असतं. लोखंडी डबा आणि त्याचं झाकण हाताशी हवं, तेल पेट घेतं. पातं आत गेल्यावर धार-पाठ या दिशेने हलवा, आडवं हलवलं तर वाकतं. इंजिनचं जळकं तेल वापरू नका, त्याचा धूर विषारी असतो.

नवशिका:
पुढे घरातला ओव्हन २०० वर लावला की झालं ना? आणि गंजाचं काय?

पोलादपाणी:
त्याआधी कानस लावून बघा. वरचा पापुद्रा मऊ असतो, दोन-चार हात मारून तो काढा. खाली कानस धरत नसेल, नुसती घसरत असेल, तर पातं कडक झालं. या अवस्थेत ते पडलं तरी तुटतं, म्हणून तासाभरात ओव्हनमध्ये जाऊ द्या. २०० अंशांवर दोन तास, गार होऊ द्यायचं, पुन्हा दोन तास. ओव्हनचा काटा खोटं बोलतो. वेगळा थर्मामीटर ठेवा आणि पातं वाळूच्या ट्रेमध्ये पुरा. घासून चकचकीत केलेल्या भागावर गवती पिवळा रंग यायला हवा, निळा आला तर धार टिकणार नाही. नंतर धार लावतानाही तेच. मशिनवर घासायचं तर हातमोजा नको, बोटांना चटका बसायला लागला की पाण्यात बुडवा.

गंजाला उपाय म्हणजे वापरून झाल्याबरोबर धुऊन पुसणं. कांदा-लिंबू चिरून पातं करडं पडेल, तो गंज नव्हे, घासून काढू नका.

पट्टी थोडी जास्तच घ्या. बोटभर तुकडा आधी विझवा, फडक्यात गुंडाळून, चष्मा लावून पकडीत मोडा. मोडलेली कड मऊ करडी दिसली तर तापमान बरोबर. साखरेसारखे कण चमकले तर जास्त तापलं. मग दुसरा तुकडा घेऊन थोडं आधी थांबा. पात्याचंच असं झालं असेल तर चुंबक सुटल्यावर जरा वर नेऊन हवेत गार करा, असं तीनदा, आणि मगच पुन्हा तेलात.