मदत हवी आहे : गाडीच्या एसीचा गॅस टिकत नाही

नमस्कार मंडळी. गॅस भरला की थोडे दिवस छान गार हवा येते, मग पुन्हा कोमट. सिस्टीम आर-१३४ए या गॅसची आहे. कंडेन्सर, पाइपांचे जोड, कॉम्प्रेसरचं सील, कुठेच गळती दाखवणारा तेलाचा ओशट डाग नाही. यूव्ही डाय (यूव्ही टॉर्चच्या उजेडात चमकणारा रंग) टाकूनही बाहेर काही चमकलं नाही, त्यामुळे संशय डॅशबोर्डमागच्या, हवा गार करणाऱ्या कूलिंग कॉइलवर. पण त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, म्हणून आधी खात्री हवी.

एसीचं पाणी बाहेर पडतं त्या नळीच्या तोंडाशी यूव्ही टॉर्च मारून डाय दिसतो का? की ब्लोअर बंद ठेवून व्हेंटपाशी लीक डिटेक्टर धरणं जास्त भरवशाचं? लीक बुजवणारं रसायन घालायला मन धजत नाही, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कॉइलमध्ये गॅस सोडणारी बारीक झडप) तुंबला तर? आणि कॉइल बदललीच, तर रिसीव्हर ड्रायरही (सिस्टीममधला ओलावा शोषणारा डबा) सोबत बदलावा ना? कृपया अनुभवी मंडळींनी सांगावं.