घोड्याच्या कपाळावरचा पांढरा डाग म्हणजे ब्लेझच नव्हे

ठाण्याच्या तलावपाळीवरच्या दोन तपकिरी घोड्यांचे फोटो पाहून कुणीतरी 'दोघांच्याही तोंडावर ब्लेझ (म्हणजे तोंडावरून खाली उतरणारा रुंद पांढरा पट्टा) आहे' असं लिहिलंय. मला तसं वाटत नाही. पहिल्याचा पांढरा ठिपका फक्त डोळ्यांच्या मधे, कपाळावरच आहे. तो स्टार. दुसऱ्याचा पट्टा नाकाच्या हाडाची रुंदी व्यापत खाली उतरतो, तो खरा ब्लेझ. हाच पट्टा अरुंद असता तर स्ट्राइप म्हटलं असतं. नीट बघा, पहिल्याच्या नाकपुड्यांमधेही छोटा पांढरा डाग आहे. त्याला स्निप म्हणतात आणि तो स्टारपासून वेगळा नोंदवायचा असतो. पांढरा रंग डोळ्यांपर्यंत किंवा त्यापलीकडे पसरला तर बाल्ड फेस. अशा घोड्यांत निळे डोळे बऱ्याचदा दिसतात.

या खुणा जन्मजात असतात आणि केसांखालची कातडी सहसा गुलाबी असते, म्हणून घोडा ओला असताना कडा जास्त स्पष्ट दिसतात. मोहरकीच्या (घोड्याच्या तोंडाला बांधलेल्या दोरीच्या) घासण्याने जखम होऊन पांढरे केस उगवतात, ते मात्र जन्मखूण धरू नका. वरातीतल्या पांढऱ्या घोड्यांवर खुणा शोधणं कठीण, कारण त्यातले बरेच घोडे जन्मतः गडद असून वयानुसार पांढरे झालेले असतात. तिथे ओळख पटवायला कपाळावरचा केसांचा भोवरा कुठे आहे ते पाहावं.

आणि एक कळकळीची विनंती: स्निपच्या गुलाबी कातडीला ऊन फार लागतं. अशा घोड्याला दुपारी सावलीत बांधायला मालकांना जरूर सांगा.