हॅम परवान्यावर विमानतळाचा रेडिओ चालवता येत नाही

वर एका सदस्यांनी लिहिले आहे की, हौशी (हॅम) रेडिओचा परवाना असलेल्याला छोट्या धावपट्टीवर जमिनीवरून विमानांशी बोलण्याचा रेडिओही चालवता येतो. हे बरोबर नाही. आपल्याकडील हौशी मंडळी अनेकदा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर एफएममध्ये बोलतात, तर विमानांशी संभाषण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ पट्ट्यात एएम या वेगळ्या पद्धतीने चालते, कारण एएममध्ये दोघे एकाच वेळी बोलू लागले तरी दुबळा आवाज पूर्णपणे दबत नाही आणि संकटातल्या वैमानिकाची हाक निदान कानावर पडते. शिवाय संच व फ्रिक्वेन्सी यांचा परवाना वेगळा आणि माइक हाती घेणाऱ्याचे आरटीआर (ए), म्हणजे विमानांच्या रेडिओवर बोलण्यासाठीचे, प्रमाणपत्र वेगळे, दोन्ही लागतात.

चर्चेत न आलेला एक मुद्दा असा की, हे प्रमाणपत्र पूर्वी दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देत असे, मात्र १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ नुसार ते काम डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) आले आहे, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये. मी परीक्षा जुन्या व्यवस्थेत दिली. बेळगावच्या सांबरा विमानतळावर उतरणारी विमाने पाहत वाढलेल्या मला नियम सोपे गेले, पण रेडिओवर आकडे बोलण्याच्या ठरलेल्या उच्चारांनी घाम फोडला : थ्री नव्हे ‘ट्री’, फाइव्ह नव्हे ‘फाइफ’, नाइन नव्हे ‘नाइनर’. खानापूरच्या घरी ओसरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे क्रमांक मी महिनाभर असेच मोठ्याने वाचत होतो.