लंडन : बाबांना उंची सिगार लाउंज दाखवायचं आहे, पण ते ओढणार नाहीत. मदत हवी आहे

निपाणीकर_लंडन

मंडळी, नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आई-बाबा पुढच्या महिन्यात निपाणीहून आमच्याकडे लंडनला येताहेत. बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस त्याच काळात येतो. त्या संध्याकाळी त्यांना एखाद्या चांगल्या, जुन्या घाटाच्या सिगार लाउंजमध्ये न्यायचं माझ्या मनात आहे. मी स्वतः अशा जागी कधी पाऊल टाकलेलं नाही, म्हणून विचारतोय.

आधी कारण सांगतो. बाबांनी चौतीस वर्षं तंबाखूच्या वखारीत काढली. माल बघायचं काम. गाडी आली की बोद, म्हणजे तंबाखूचं मोठं पोतं, उसवायचं, आत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर तंबाखू बाहेर काढून तळव्यावर चोळायची, नाकाशी न्यायची आणि सांगायचं, ह्याला वजनासाठी पाणी मारलंय, हा मागच्या सालचा आहे, हा काळ्या रानातला. लहानपणी मी शाळेतून सुटून वखारीत जायचो तेव्हा तंबाखूच्या खकाण्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाबा मात्र डोळे मिटून शांतपणे वास घेत उभे असायचे. शेतकरी आणि व्यापारी दोघंही त्यांचा शब्द मानायचे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात नोकरीची पर्वा न करता ते शेतकऱ्यांबरोबर हायवेवर जाऊन बसले होते.

तो सगळा माल जायचा विडीत. गेल्या दिवाळीत फोनवर सहज विषय निघाला तर म्हणाले, "चिरुटात अख्खं पान वापरतात म्हणं. आमच्या हातनं सगळा चुराच गेला बघ." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तंबाखूचं पान कुणी निगुतीनं सांभाळतंय, त्याचं गाव-शिवार विचारून विकत घेतंय, हे त्यांना एकदा बघायला मिळावं एवढीच इच्छा आहे.

अडचण अशी, की बाबांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. विडी-सिगारेट त्यांनी कधी ओढली नाही, पण तंबाखू-चुना होता. तो तेव्हापासून पूर्ण बंद आहे. म्हणजे ते सिगार ओढणार नाहीत हे नक्की. न ओढणाऱ्यांना आत घेतात का? आई बरोबर असेल, ती काठापदराच्या साडीत, बाबा कोट आणि गांधी टोपीत. चालेल ना? धुराचं काय करायचं? खर्च साधारण किती येतो? एका ठिकाणी फोन केला होता. मी काय विचारतोय ते पूर्ण ऐकून न घेता पलीकडच्या माणसानं माणशी किमान खर्चाचा आकडा सांगितला आणि फोन ठेवला. तेव्हापासून जरा बिचकलोय.

जाणकारांनी कृपया सांगावं.

सह्याद्रीपार

सर्वात आधी कायदा समजून घ्या, म्हणजे जागा निवडणं सोपं जाईल. इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून बंदिस्त सार्वजनिक जागेत धूम्रपानाला बंदी आहे. त्यातून सिगार आणि पाइपच्या खास दुकानांना एक सवलत आहे. गिऱ्हाईक तिथे आत बसून सिगार चाखू शकतं. बाकी मोठ्या हॉटेलांत ज्याला सिगार लाउंज म्हणतात ते बहुतेक गच्चीवजा असतं. वर छत, खाली गालिचा, हीटर, चामड्याच्या खुर्च्या सगळं असतं, पण निम्म्या भिंती तरी उघड्या ठेवाव्या लागतात. काकांसाठी हीच जागा बरी. वारा खेळता असतो.

सेंट जेम्स स्ट्रीटचा भाग आधी दिवसाउजेडी फिरून या. तिथे १९ नंबरला जेम्स जे. फॉक्स हे दुकान आहे. त्यांचा वारसा १७८७ पर्यंत मागे जातो आणि चर्चिल १९०० सालापासून तिथलं गिऱ्हाईक होते. तळघरात छोटं संग्रहालय आहे, चर्चिल बसायचे ती खुर्चीसुद्धा ठेवली आहे.

कपड्यांची काळजी सोडा. चपलांऐवजी बूट एवढं बघा. कोट-टोपीतले काका आणि काठापदरातल्या काकू तिथल्या कुणाहीपेक्षा रुबाबदार दिसतील, हे मी मनापासून सांगतो.

डॉ_मृण्मयी

धाग्याचा हेतू वाचून फार बरं वाटलं, तरी डॉक्टर म्हणून दोन गोष्टी बोलायलाच हव्यात.

सिगारचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच फिरवतात, म्हणून ती निरुपद्रवी असा एक समज आहे. तो खोटा आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. काही मोठ्या सिगारींत सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असते. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. स्टेंट बसवलेल्या माणसानं दुसऱ्याच्या धुरातही फार वेळ बसू नये. बंद खोलीत काकांना अजिबात नेऊ नका. उघड्या जागी, वाऱ्याची दिशा बघून, तेही थोडाच वेळ.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांची तंबाखू सुटली आहे त्यांना वासानं पुन्हा तलफ येऊ शकते. जायच्या आधी त्यांच्याशी उघड बोला. वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून थेट तिथे नेऊन उभं करू नका.

वेदगंगेकाठी

मी तुमच्याच भागातली. माझी आजी वखारीत तंबाखू चाळायची. तोंडाला पदर घट्ट बांधून दिवसभर चाळणीपुढे बसायची. रात्री तिचा खोकला सगळ्या घराला ऐकू यायचा. शेवटी शेवटी तिला जिना चढवत नव्हता. म्हणून तुमचा धागा वाचताना आधी राग आला, खोटं कशाला सांगू. मग बोद उसवण्याचं वर्णन वाचलं आणि रडू आलं.

जरूर न्या त्यांना. फक्त त्या मऊ खुर्च्यांत बसाल तेव्हा चाळणाऱ्या बायकांची आठवण ठेवा, इतकंच मागणं आहे.

निपाणीकर_लंडन

@वेदगंगेकाठी, ताई, माझी मावशी चाळणीवरच होती. आठवण ठेवायला मला वेगळं काही करावं लागणार नाही.

@डॉ_मृण्मयी, मनापासून आभार. सरप्राइजच द्यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. काल बाबांना फोनवर सगळं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग विचारलं, "पान हातात घिऊ देतील का?"

तर आता मुख्य प्रश्न हाच आहे. हातात घेऊ देतात का?

मातीचा_वास

या प्रश्नाची वाटच बघत होतो. मी बारा वर्षांपासून कधीमधी सिगार ओढतो, त्यामुळे जरा लांब लिहितो.

लाउंजमध्ये बसायच्या आधी ह्युमिडोर बघायला मागा. ह्युमिडोर म्हणजे सिगार ठेवायची खोली किंवा कपाट. आतून स्पॅनिश सीडर लाकूड आणि हवेत ६५ ते ७० टक्के आर्द्रता राखलेली. खोलीवजा असेल तर आत शिरता येतं आणि तिथे कुणी ओढत नाही. म्हणजे धूर नाही, फक्त पानाचा आणि लाकडाचा वास. तुमच्या बाबांसाठी खरी जागा ती आहे, खुर्च्या नव्हेत.

उघड्या पेटीतल्या सिगारी स्वतःहून उचलून दाबू नका, नाकाला लावू नका. विचारलं की विक्रेता काढून देतो. एक आधीच विकत घ्या, मग ती तुमची, बाबांनी हवी तशी हाताळावी.

त्यांना हे नक्की सांगा. सिगारचे तीन भाग. बाहेरचं वेष्टनपान, त्याच्या आत बांधणीचं पान आणि गाभ्यात लांबीला घडी घातलेली अख्खी पानं. वेष्टनाचं पान सगळ्यात देखणं लागतं, एक भोक पडलं तरी बाद. कनेक्टिकट शेड नावाचं फिकट वेष्टन असतं, त्याचं पीक कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, ऊन थेट लागू नये म्हणून. तुमच्याकडे तंबाखू उन्हात वाळते. सिगारचं पान छपराखाली सावलीत टांगून वाळवतात आणि मग थप्प्या रचून मुरवतात. थप्पी आतून तापते, ती मोडून पुन्हा रचायची, असं कित्येक महिने चालतं.

गाभ्यातली पानंही झाडावरच्या जागेप्रमाणे निवडतात. क्युबात खालच्या पानाला व्होलाडो म्हणतात. ते नीट पेटतं. मधल्याला सेको, ते वासासाठी. वरच्याला लिगेरो. ते जाड, तेलकट आणि सगळ्यात कडक. शेंडा खुडल्यावर झाडाचा सगळा जोर वरच्या पानांत जातो हे तुमच्या बाबांना मी काय सांगणार, त्यांनीच मला सांगावं.

तुम्ही स्वतः ओढणार असाल तर पोटभर जेवून जा. रिकाम्या पोटी चक्कर येते, मळमळतं. तसं झालं तर सिगार ठेवून द्या आणि काहीतरी गोड खा. पहिल्यांदा फिकट वेष्टनाची रोबुस्तो मागा, पाच इंच लांब आणि ५० रिंग. रिंग म्हणजे जाडी, इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजलेली. तोंडात धरायच्या बंद टोकाला टोपी म्हणतात, तिची दोनेक मिलिमीटर कापायची, खोल गेलात तर वेष्टन सुटतं. पेटवताना ज्योत टेकवायची नाही, टोक शेकत फिरवायचं. मिनिटाला एक झुरका पुरे. पाऊण-एक तास चालते. झाली की रक्षापात्रात चुरडू नका, नुसती ठेवा, आपोआप विझते.

खर्चाचं म्हणाल तर क्युबाबाहेरची बरी रोबुस्तो मला १५ ते २५ पौंडांत मिळते. क्युबन त्याहून बरीच महाग, आणि २०२२ मध्ये कोहिबा या क्युबन सिगारचे भाव वाढवल्यापासून मी तिच्या वाटेला गेलेलो नाही. डोमिनिकन किंवा निकाराग्वाची घ्या, उत्तम असते. हॉटेलात बाहेरून आणलेली सिगार चालत नाही किंवा कापायचे वेगळे पैसे घेतात, ते आधी विचारा. किमान खर्चाचा आकडाही ईमेलवर लेखी मागा. आणि ज्यानं फोन आपटला तिथे जाऊच नका.

सह्याद्रीपार

मातीचा_वास यांना दुजोरा. ईमेलमध्ये तुमच्या बाबांच्या कामाबद्दल दोन ओळी जरूर लिहा. पानातलं कळणाऱ्या माणसाची या धंद्यातल्या लोकांना कदर असते.

निपाणीकर_लंडन

मंडळी, परवा जाऊन आलो. लिहायचं कबूल केलं नव्हतं, पण तुम्हा सगळ्यांमुळे झालं म्हणून लिहितोय.

सांगितल्याप्रमाणे ईमेल केला होता. एका जुन्या दुकानानं दुपारी चारची वेळ दिली. गर्दी नव्हती. ह्युमिडोरचं काचेचं दार उघडलं तसे बाबा उंबऱ्यावरच थांबले आणि डोळे मिटले. अगदी वखारीत थांबायचे तसेच. आईनं माझा दंड धरला.

दुकानातला माणूस साठीचा असेल. त्यानं आम्हाला बाहेरच्या टेबलाशी बसवलं आणि वेष्टन तडकलेली, विकता न येणारी एक सिगार आणली. पातळ चाकूनं ती लांबीला चिरून बाबांपुढे ठेवली. बाबांनी आधी हात रुमालाला पुसले. मग एकेक पान बोटांनी अलगद उलगडून टेबलावर सपाट करत गेले. वेष्टनाच्या पानावरून अंगठा फिरवून म्हणाले, "शिरा बघ किती बारीक." गाभ्यातली पानं निघाली तेव्हा त्यांनी ती चोळली, वास घेतला आणि न विचारता दोन बाजूंना लावली. एक काळपट पान वेगळं उचलून म्हणाले, "हे शेंड्याचं."

मी इंग्रजीत सांगितलं. त्या माणसानं ते पान हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "लिगेरो. बरोबर." मग तो खुर्ची ओढून समोर बसला आणि पाऊण तास बाबांना प्रश्न विचारत राहिला. निपाणीची माती कशी, शेंडा कधी खुडता, पाऊस लांबला तर काय करता. मी दुभाष्या. बाबांनी बोद उसवायची रीत हातवारे करून दाखवली. चाळणाऱ्या बायकांचंही सांगितलं, माझ्या मावशीचं नाव घेऊन. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

संध्याकाळी हॉटेलच्या गच्चीवर अर्धा तास बसलो. बाबा-आई वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मी खालच्या. मी अर्धी रोबुस्तो ओढली आणि ठेवून दिली. मला ती काही फार झेपली नाही. आईला तिथला चहा आवडला. तिघांचं सगळं मिळून ९४ पौंड झाले, सिगारसकट. बाबांच्या टोपीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

डॉक्टर, तलफेचं त्यांना थेट विचारलं. म्हणाले, वखारीच्या दारात आल्यासारखं वाटलं, तोंडात टाकावंसं नाही वाटलं. तरी लक्ष ठेवून आहे.

ते शेंड्याचं पान त्या माणसानं कागदात गुंडाळून दिलंय. बाबांनी ते खिशातल्या डायरीत ठेवलंय, आणि निपाणीत वखारीतले जुने सोबती भेटतील त्यांना दाखवायचं ठरवलंय.